शोकाची ओवी

सज्जनहो, वारकऱ्याने रडावे की नाही, हा प्रश्न आपल्या दिंडीत, फडावर आणि सप्ताहाच्या मांडवात पुन्हा पुन्हा निघतो. घरातले माणूस गेले की समाचाराला आलेली मंडळी म्हणतात, "अहो, तुम्ही माळकरी ना? मग डोळ्यांत पाणी कशाला? देह तर नाशिवंत आहे." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. वेदान्तही खोटा नाही. पण दुसऱ्याच्या दुःखावर तिसऱ्याच दिवशी सांगितलेला वेदान्त ऐकणाऱ्याच्या छातीवर दगडासारखा बसतो. तो मान हलवतो, डोळे पुसतो आणि आतून दार लावून घेतो. त्या लावलेल्या दारासंबंधी आज चार शब्द सांगायचे आहेत.

संतांचे काय झाले ते पाहा. आळंदीस ज्ञानदेव समाधिस्थ झाले, तेव्हा नामदेवरायांनी कोरडे तत्त्वज्ञान सांगितले नाही. त्या वियोगाचे अभंगच्या अभंग त्यांच्या मुखातून निघाले आणि आजही ते प्रकरण वाचताना भल्याभल्यांचा कंठ दाटतो. निवृत्तिनाथांसारखा ज्ञान्यांचा गुरू, पण त्यांचेही मन त्या वेळी आवरेना असे नामदेवराय सांगतात. ज्यांनी ब्रह्म पाहिले त्यांस रडू आले. मग आपण कोण मोठे लागून गेलो? तात्पर्य, शोक होणे हा भक्तीतला उणेपणा नव्हे. तो शोक आत कोंडून ठेवणे, हे मात्र घातक आहे.

आपल्या खानदेशाला ही गोष्ट दुसऱ्या कुणी शिकवायला नको. आपली मुक्ताई इथेच, तापी-पूर्णेच्या परिसरात, शके १२१९ म्हणजे इ. स. १२९७ साली विजेच्या लोळात गुप्त झाली असे आपण मानतो. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तेव्हा ती किती लहान होती! पोरकेपण, वाळीत पडणे, लोकांचे टोमणे, सारे तिने सोसले. पुढे एकदा लोकांच्या वागण्याने विटून थोरले ज्ञानदेवच झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हा या धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून जे अभंग म्हटले, ते ताटीचे अभंग म्हणून वारकऱ्यांच्या ओठांवर आहेत. "रडू नको" म्हणून तिने दटावले नाही, की दारही फोडले नाही. ती दाराशी उभी राहिली आणि गात राहिली. आतल्याने आपल्या हाताने कडी काढावी म्हणून तिने गाणे केले. शोकातून जे गाणे निघते त्याचे मूळ काम हे, दार उघडण्याचे.

आता कुणी म्हणेल, शोक झाला की गाणे आपोआप होते काय? तसे असते तर जगात दुःखाला तोटा नाही, घरोघरी गाथा झाल्या असत्या. शोकाची ओवी होण्याला एक वाट आहे. ती वाल्मीकींपासून दिसते.

तमसेच्या काठी क्रौंच पक्ष्याची जोडी रमली होती. पारध्याने बाण मारून नर पाडला. मादी आक्रोश करू लागली. ते पाहून मुनींचा जो शोक, त्याचाच श्लोक झाला, ही कथा आपण सारे जाणतो. पण तिच्यातल्या दोन गोष्टी आपल्या नजरेतून निसटतात. पहिली ही की, आदिकवीचा पहिला शोक माणसासाठी नव्हता, तो नदीकाठच्या एका पाखरासाठी होता. दुसरी ही की, तो पहिला श्लोक शाप होता. शोक पहिल्याने बाहेर पडतो तो बहुधा शाप होऊनच. कुणाला तरी दोष द्यावासा वाटतो; डॉक्टरला, दैवाला, भावकीला, सरकारला, शेवटी देवाला. शापावर थांबले असते तर वाल्मीकी एका श्लोकाचे धनी झाले असते. ब्रह्मदेवाने त्यांस सांगितले, याच छंदात रामकथा गा. शापाचा छंद तोच राहिला, त्यात आशय मात्र दुसऱ्यांच्या उपयोगाचा भरला. असो. ही झाली पुराणकथा. आता इतिहासात येऊ.

इ. स. १६३० चा तो भयंकर दुष्काळ. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळा मुलूख होरपळला. पाऊस गेला, गुरे गेली, माणसे गावे सोडून चालू लागली. त्या काळी खानदेशाचे मुख्य ठाणे होते बऱ्हाणपूर, आज ते मध्य प्रदेशात आहे. तापीच्या काठी त्या शहरात बादशहा शहाजहानचा मुक्काम होता. भुकेल्यांसाठी लंगर उघडले होते. त्याच बऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये बाळंतपणात त्याची बेगम मुमताज वारली. प्रथम तिला तापीपलीकडच्या बागेतच पुरले आणि काही महिन्यांनी आग्र्यास नेले. पुढचे आपणांस ठाऊकच आहे. हजारो कारागीर, वीसेक वर्षे, पांढरा संगमरवर. त्या शोकाचा ताजमहाल झाला.

आणि त्याच दुष्काळात देहूला एका वाण्याचे दुकान बसले. त्याची पहिली बायको अन्नाविना गेली, मुलगा गेला, दिवाळे वाजले, चारचौघांत पत गेली. त्या वाण्याजवळ संगमरवर नव्हता. कागद आणि शाई होती. त्या शोकाचा गाथा झाला.

बादशहाचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. बायको गेलेल्या नवऱ्याचे दुःख महालात आणि झोपडीत सारखेच. ताजमहालाचे सौंदर्यही कोण नाकारील? पण इतके खरे की, ताजमहाल पाहायला आग्र्याला जावे लागते, आणि तुकोबारायांचा अभंग गुराख्याच्या पाठोपाठ रानात जातो. एकाच दुष्काळात, त्याच दोन-तीन वर्षांत, दोन नवऱ्यांनी आपापल्या शोकाचे काय केले याचा हा दाखला आपल्या तापीकाठाला लागून आहे, म्हणून मुद्दाम दिला.

तुकोबारायांनी काय क्रमाने केले, हे त्यांनीच आपल्या आत्मवृत्तपर अभंगांत सांगून ठेवले आहे. दुःखाने खचल्यावर त्यांनी लगेच काव्य केले नाही. आधी काय केले? मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ होते, ते नीट करायचे मनात घेतले. दगड, माती, पाणी. लोकांकडून येणे होते त्या खतांपैकी भावाचा वाटा त्याला देऊन आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत सोडला, असे परंपरा सांगते. म्हणजे स्वतः बुडालेल्याने दुसऱ्यांची कर्जे बुडवली! हे हाताचे काम झाले. मग संतांची वचने विश्वासाने पाठ केली, कीर्तनात मागे उभे राहून पुढच्याचे धृपद धरले. हे कानाचे काम झाले. आणि मग, नामदेवराय स्वप्नात येऊन सांगून गेल्यावर, मुख उघडले. आधी हात, मग कान, मग मुख. शोकाची ओवी होण्याची वाट ती हीच, असे आम्हांस वाटते. आणि ही वाट देहूपुरती नाही. आपल्या जळगाव-धुळ्याच्या मातीत ती दोनदा स्वच्छ उमटलेली दिसते.

पहिली बहिणाबाईंची. इ. स. १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्म. अक्षरओळख नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. तिशीच्या सुमारास कपाळीचे कुंकू गेले. पदरात तीन मुले: काशी, ओंकार आणि सोपान. त्यांत ओंकारला प्लेगने कायमचे अपंग केले. धाकटा सोपान अगदी लहान. घरात वाटण्या, शेतात कष्ट. यापेक्षा शोकाचे कारण आणखी काय असावे?

पण बहिणाबाईंच्या घरी शोकाला बसायला वेगळा पाट नव्हता. जाते होते, चूल होती, मोट होती, पेरणी-कापणी होती. हात चालू राहिले आणि हातांच्या लयीत गाणे आले. जात्याचा खुंटा फिरतो तशी ओवी फिरते, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. विधवा झाल्यावरचे त्यांचे एक गाणे आहे, आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. त्याचा भाव असा की, बांगड्या फुटल्या तरी मनगटातले बळ फुटलेले नाही. कर्माच्या रेषा वाचायला आलेल्या ज्योतिष्याची त्यांना गरज वाटली नाही. दुःख लपवले नाही आणि दुःखाची भीकही मागितली नाही. हातांनीच त्या उभ्या राहिल्या आणि हातांतूनच त्यांचे गाणे उगवले.

आणखी एक. नवरा गेलेल्या या माउलीचे डोळे आपल्याच दुःखावर खिळून राहिले नाहीत. तिच्या गाण्यांत सुगरणीचा खोपा आहे, लिंब आहे, पेरणी आहे, आलेला पाऊस आहे, माहेरची वाट आहे. स्वतःचे घरटे मोडलेल्या बाईने पाखराच्या घरट्याचे कौतुक करावे, याहून मोठी भक्ती कोणती? शोकाने माणूस आंधळा होतो असे म्हणतात. बहिणाबाईंना शोकाने जास्त दिसू लागले.

आता कानाची गोष्ट. त्या गात, पण लिहून कोण ठेवणार? मुलगा सोपानदेव आणि घरातला एक मावसभाऊ यांनी ती गाणी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून निघाली. ऐकणारा कान घरात नसता तर ते सोने जात्याच्या पाळीतच पिठाबरोबर सांडून गेले असते. ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हते, तिचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले. आपल्या गावात अशा किती जणींची गाणी पिठाबरोबर सांडून गेली असतील, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

दुसरी गोष्ट साने गुरुजींची. १९१७ साली त्यांची आई गेली. तो शोक त्यांच्या मनात सोळा वर्षे होता. १९२४ पासून ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले, पुढे वसतिगृहातल्या मुलांची खोली झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, हे आईचे काम ते मुकाट्याने करीत राहिले. हात चालू. मग सत्याग्रहात धुळ्याच्या तुरुंगात गेले. तिथे १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती प्रवचने कुणी टिपून घेतली? साने गुरुजींनी. कान चालू. ध्यानात घ्या, त्याच विनोबांनी आईच्या इच्छेखातर गीता सोप्या मराठीत आणली आणि तिला नावच 'गीताई' दिले. त्यांची आई रुक्मिणीबाई १९१८ साली गेलेली. म्हणजे धुळ्याच्या त्या तुरुंगात आईवेगळे दोन पुत्र, एक बोलत होता, एक लिहून घेत होता. आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. सोळा वर्षे साठलेले पाणी पाच दिवसांत वाहिले, पण ते वाहण्याआधी त्या पाण्याने पुष्कळांची तहान भागवली होती. आधी हात, मग कान, मग मुख. क्रम तोच.

इथवर माणसाच्या वियोगाचे झाले. आता जे खरोखर सांगायचे आहे तिकडे वळतो.

माणूस गेले तर त्याला दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. सोयरे येतात, भाजी-भाकरी आणतात, जवळ बसतात. पण नदी आटली तर? गावच्या वेशीवरचा वड रस्ता रुंद करताना पडला तर? विहिरीत पोरे उड्या मारीत ती विहीर कोरडी पडून तिच्यात कचरा साठला तर? त्याचे सुतक कोण धरतो? त्या दुःखाला आपल्याकडे विधी नाही, म्हणून तोंड नाही. म्हातारी माणसे पारावर बसून "पूर्वी इथे बारमाही पाणी होते" इतके म्हणतात आणि गप्प होतात. तोही शोकच आहे, सज्जनहो. ताटी लावलेला शोक.

धुळ्याची पांझरा घ्या. साक्रीकडून येते, धुळ्यात एकवीरादेवीच्या पायांशी वाहते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. या नदीवर आपल्या पूर्वजांनी कित्येक शतकांपूर्वी दगडी बंधारे बांधले आणि 'फड' पद्धत बसवली. बंधाऱ्याच्या पाण्याखालच्या जमिनीचे ते साधारण चार फड पाडीत. एका फडात सर्वांचे एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, आणि निवाडा करायला गावचे पंच. पाणी थोडे असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे आणि तूट सर्वांनी वाटून घ्यायची. मोठा जमीनदार म्हणून त्याचा ऊस हिरवा आणि गरिबाचे रान वाळलेले, असे होऊ द्यायचे नाही. आपण वारकरी आपल्या मंडळीलाही फडच म्हणतो ना? तोही फड आणि हाही फड. तिथे नाम सर्वांना सारखे, इथे पाणी सर्वांना सारखे. काही बंधारे अजून चालतात. पण पुष्कळ ठिकाणी गाळ साचला, नदीचा प्रवाह टिकेना, ज्याने त्याने आपली विहीर, आपला पंप केला, आणि पाण्याबरोबर ती एकमेकांना धरून राहण्याची रीतही आटली.

तापीचे पाहा. हतनूरचे धरण १९८२ साली पुरे झाले. त्याचे पाणी पुष्कळांना मिळाले, हे उपकार नाकारता येत नाहीत. पण संगमाकडच्या गावांच्या जमिनी त्या फुगवट्याखाली गेल्या, तेही खरे. एकाच्या ओंजळीत पाणी आले, दुसऱ्याच्या शिवारात शिरले. रावेर-यावलकडे केळीचे मळे डोळ्यांना हिरवे दिसतात, पण खाली शेकडो फुटांवर बोअर गेले तरी पाणी लागेना. अमळनेरला सखाराम महाराजांची समाधी बोरी नदीच्या पात्रात आहे. वैशाखात आपण तिथे यात्रेला जमतो, तेव्हा पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. आणि ज्या इंद्रायणीत तुकोबारायांनी खते सोडली तिच्या पाण्यावर अलीकडे आळंदीत वारकऱ्यांनी साबणासारखा पांढरा फेस पाहिला. तीर्थ कुठे घ्यावे?

इथे वाल्मीकींच्या कथेहून आपली कथा वेगळी होते. त्या कथेत पारधी वेगळा होता आणि शोक करणारा ऋषी वेगळा होता. नदीच्या बाबतीत पारधी आणि ऋषी एकाच घरात राहतात. ज्या गावाने बोअर पाडले तेच गाव विहिरीसाठी रडते. ज्या हातांनी निर्माल्याची पिशवी पुलावरून फेकली तेच हात नदीला नमस्कार करतात. म्हणून नदीच्या शोकात नुसता शाप चालत नाही. तो फिरून आपल्याच दारी येतो. इथे तुकोबांचाच क्रम घ्यावा लागतो, आधी हाताला काम, मग तोंडाला अभंग.

कुणी रोखठोक विचारील, "महाराज, गाणी म्हणून नदीला पाणी येते काय?" येत नाही. हे आधीच कबूल करून टाकू. पण ज्या गोष्टीवर गावाने कधी गाणे केले नाही, ती वाचवायला गाव उठल्याचे फारसे ऐकिवात नाही. गाण्याने आठवण राहते, आठवणीने लाज राहते, आणि लाजेने हात हलतात. गाणे आणि हात यांची ताटातूट झाली की दोन्ही वाया. नुसते हात काही दिवसांनी थकतात, आणि नुसते गाणे टाळ्या घेऊन घरी जाते.

याचे उदाहरण दूर शोधायला नको. साक्री तालुक्यात बारीपाडा म्हणून आदिवासी पाडा आहे. तिथला डोंगर उघडा पडला होता, पाण्यासाठी बायकांना वणवण करावी लागे. १९९० नंतरच्या वर्षांत चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने जंगल राखायचे ठरवले. कुऱ्हाडबंदी केली, मोडणाऱ्याला दंड लावला, आळीपाळीने राखण केली, पाणी अडवले. जंगल परत आले, झऱ्यांना पाणी आले. २०२५ साली चैत्रामजींना पद्मश्री जाहीर झाली. पण आम्हांला त्याहून गोड वाटते ती दुसरी गोष्ट. परतलेल्या जंगलातल्या रानभाज्या शिजवून मांडण्याची स्पर्धा त्या पाड्यावरच्या बाया दर वर्षी भरवतात. जे गेले होते ते परत आले, त्याचा त्यांनी स्वयंपाक केला! कला म्हणजे काय नुसते कागदावरचे काव्य? रानाची ओळख न विसरता केलेली भाजीही ओवीच आहे.

तसेच अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर (१९४२–२०२३). जळगाव जिल्ह्याशी त्यांचा शाळेपासूनचा ऋणानुबंध. १९६७ साली 'रानातल्या कविता' आल्या आणि शेतातला माणूस मराठी काव्यात उभा राहिला. पण तो कवी दुष्काळावर कविता करून थांबला नाही. त्याने आपल्या शिवारात पाणी अडवले, फळझाडे लावली, विधान परिषदेत शेतीच्या पाण्यासाठी भांडला. एका हाताने लेखणी, दुसऱ्या हाताने बांध.

अजून एक दुःख आहे आणि ते उच्चारायला जीभ जड होते. आपल्या भागात कापसाचे पीक गेले, बोंडअळी पडली, केळी वादळाने आडवी झाली, की घरातला कर्ता माणूस बोलेनासा होतो. शेताचा शोक आणि घराचा शोक त्याच्यात एकत्र मिसळतात. कर्जाच्या नोटिशीपेक्षा तो गप्पपणा भयंकर. अशी किती घरे उजाड झाली! त्या घरी जाऊन "सर्व ईश्वरी इच्छा" म्हणू नका. "धीर धरा" म्हणून उठून येऊ नका. मुक्ताईसारखे दाराशी उभे राहा. त्याच्याबरोबर शेतात चला, त्याच्या हाताला आपला हात लावा, त्याचे पीक कसे होते, बैल कसा होता, ते त्याच्या तोंडून ऐका. गरज पडली तर डॉक्टरकडे नेण्यास संकोच करू नका, तीही सेवाच. तो एक वाक्य बोलला तर समजा ताटी किलकिली झाली. तो गायला लागेल की नाही, ते पांडुरंगाच्या हाती. आपल्या हाती ऐकणे आहे.

तेव्हा यंदा आपण काय करावे? आमची सूचना साधी आहे, पैसा फारसा लागत नाही.

आपल्या गावच्या सप्ताहात एक रात्र गावच्या वृद्ध आयाबहिणींना द्यावी. गेलेल्या माणसांवरच्या, आटलेल्या विहिरींवरच्या, तोडलेल्या झाडांवरच्या त्यांना येतील त्या ओव्या त्यांनी म्हणाव्या. येत नसतील तर नुसत्या आठवणी सांगाव्या, त्यांच्याच बोलीत, मग ती लेवा गणबोली असो, अहिराणी असो की भिलाऊ. शाळेतल्या मुलांनी त्या वहीत उतरवून घ्याव्या. सोपानदेवांची वही आठवा. आणि काल्याच्या दुसऱ्या दिवशी, मांडव उतरवण्याआधी, त्या ओव्यांत जिचे नाव आले त्या विहिरीतला, त्या नाल्यातला, त्या बंधाऱ्यातला गाळ सर्वांनी मिळून काढावा. वडाची ओवी झाली असेल तर वडाची फांदी लावावी आणि तीन उन्हाळे तिला पाणी घालण्याची पाळी दिंडीतल्या घरांनी वाटून घ्यावी. जुन्या फडातल्या पाटकऱ्यासारखी. लावून फोटो काढून निघून जाणे, ही वारी नव्हे. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा येणे.

ज्येष्ठात मुक्ताईची पालखी खानदेशातून निघते आणि विदर्भ, मराठवाडा ओलांडून पंढरीला जाते. इतक्या लांबून, इतक्या दिवसांच्या चालीची वारी क्वचितच. ती वाट चालताना कुठे सावली होती आणि आज नाही, कुठे पाणी प्यायला मिळे आणि आज टँकर लागतो, हे पायांना बरोबर कळते. पायांना कळते ते मुखाने म्हणावे आणि मुखाने म्हटले ते हाताने करावे. विठुरायाला नैवेद्य काय द्यावा, असा प्रश्न पडेल त्या वर्षी आपले दुःखच द्यावे. पण कोंडलेले नव्हे, ओवीत गुंफलेले आणि ज्याच्या पायांना गावच्या नाल्यातला ओला चिखल लागला आहे असे. तो मायबाप आहे, चिखलाचे पाय उंबऱ्याबाहेर धुऊन या असे तो म्हणत नाही.

बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!